केबिनमधला कूलंटचा वास आणि पेटीतला प्रेशर टेस्टर: ट्रकला कितपत कामाचा?

स्पेअरच्या दुकानांत आणि ऑनलाइन हल्ली प्लास्टिकच्या पेटीत रेडिएटर प्रेशर टेस्टर मिळतो, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात (कूलंटमध्ये) दाब भरून गळती शोधायचं साधन. गेज लावलेला हातपंप, रबरी नळी, खटकन बसणारं पितळी कपलिंग आणि निरनिराळ्या आट्यांची वीस-पंचवीस झाकणं, असा सगळा ऐवज. पेटीवरचं स्टिकर बदलतं, आतला माल बहुधा त्याच साच्यातला असतो. हा आढावा त्या जातीच्या पेटीचा, आणि तोही एकाच कामापुरता: ट्रकच्या केबिनमध्ये कूलंटचा वास कुठून येतोय ते शोधायचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाच-सहा गाड्यांचा मालक असाल किंवा हायवेला गॅरेज असेल तर पेटी घ्या, पैसे वसूल होतात. एकच गाडी असेल तर वीतभर जोडपाईप, दोन क्लिपा आणि रेडिएटरचं एक नवं झाकण यांत निम्मा शोध लागतो. आणि हीटरचा नॉब कुठं ठेवायचा हे ठाऊक नसेल तर कितीही महागाचा टेस्टर आणा, काटा तुम्हाला बिनधास्त खोटं सांगू शकतो.

पेटी उघडण्याआधी वास ओळखावा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गरम झालं की गोडसर, काकवी उकळल्यासारखा वास येतो. डोळे चुरचुरवणारा, नवसागरासारखा उग्र वास आला तर तो युरियाचा, म्हणजे बीएस६ गाडीत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या डीईएफचा. सडक्या अंड्यासारखा आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास एसीच्या कूलिंग कॉइलवर साचलेल्या बुरशीचा, आणि तो ब्लोअर चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटंच येतो. जळका वास घाट उतरून आल्यावर आला तर ब्रेक लायनरचा, चढताना आला तर क्लच प्लेटचा. या सगळ्यांना सरसकट 'पाण्याचा वास येतोय' म्हणत गाडी गॅरेजला लावली जाते आणि चांगला रेडिएटर उगाच खाली उतरतो.

मग दुसरा प्रश्न: तुमच्या केबिनमध्ये कूलंट येतं तरी का? काऊल चेसिसवर (कंपनीकडून केबिनशिवाय येणाऱ्या सांगाड्यावर) बांधलेल्या जुन्या लाकडी-पत्र्याच्या केबिनमध्ये बहुधा हीटरच नसतो. तिथे वास आला तर तो इंजिनवरून येतो: बॉनेटच्या कडेचं फाटलेलं रबर, गिअर लिव्हरचं रबरी बूट, वायरिंगच्या भोकातली निघालेली रबरी कडी (ग्रोमेट). कंपनीच्या बंद केबिनचं गणित वेगळं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन२ आणि एन३ गटातल्या, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, आणि अनेक गाड्यांत एसीच्या खोक्यातच कूलिंग कॉइलच्या शेजारी हीटरची कॉइल बसवलेली असते. केबिन उचलून बघा. फायरवॉलमधून, म्हणजे केबिनच्या पुढच्या पत्र्यातून, दोन रबरी पाईप शेजारी शेजारी आत जाताना दिसले तर इंजिनचं गरम पाणी तुमच्या डॅशबोर्डच्या मागे खेळतंय.

मराठवाड्यात हीटर कोण लावतो, असं वाटेल. घोटाळा नेमका तिथेच होतो. वर्षाचे दहा महिने नॉब निळ्यावर, त्यामुळे ज्या गाड्यांत पाण्याचा व्हॉल्व्ह असतो तिथे तो बंद, आणि कॉइलमध्ये तेच पाणी साचून राहतं. डिसेंबरात परभणी-हिंगोलीकडच्या थंडीत रात्रीच्या फेरीला पहिल्यांदा नॉब लाल बाजूला जातो, सडलेल्या कॉइलमध्ये गरम पाणी शिरतं आणि केबिन दरवळते. वास थंडीतच येतो म्हणून गाडीवाले एसीवर संशय घेत नाहीत आणि उन्हाळा आला की विसरून जातात. काही गाड्यांत मात्र व्हॉल्व्ह नसतोच. कॉइलमधून पाणी कायम फिरतं आणि फक्त हवेचं झडप हलतं. अशा गाडीत वास बारमाही येतो.

फुकटातल्या तीन तपासण्या आधी उरकून घ्या. पहिली, इंजिन चांगलं गरम असताना ब्लोअर चालू ठेवून हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. पाच मिनिटांत वास कमी झाला तर तो बाहेरून, पुढच्या जाळीमागच्या हवेच्या तोंडातून येतोय. तसाच राहिला किंवा वाढला तर उगम आत आहे. दुसरी, समोरच्या काचेला आतून पांढरं फडकं लावा. कॉइल गळत असेल तर काचेवर चिकट धुरकट थर धरतो आणि वायपर कितीही मारला तरी समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. उन्हानं तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकचाही थर बसतो, पण ग्लायकॉल पाण्यात विरघळतं म्हणून ओल्या फडक्यानं निघतं. प्लास्टिकचा थर साबणाशिवाय हलत नाही. तिसरी, क्लिनरच्या पायाखालचं मॅट उचला आणि खालचा फोम दाबा, कारण बहुतेक गाड्यांत एसीचं खोकं त्याच बाजूला असतं. एसीच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी बोटावर घ्या. हवेतलं पाणी वाऱ्यावर वाळून जातं, कूलंट बोटावर बुळबुळीत राहतं. चव घेऊन बघणारे मिस्त्री अजून आहेत, त्यांनी ही सवय सोडावी. ग्लायकॉल विषारी आहे.

एवढं झाल्यावर पेटी. पहिला अडथळा झाकणांचा. ती कारच्या मापाची असतात. रेडिएटरवर जुन्या पद्धतीचं कान असलेलं झाकण असेल तर एखादं बसतं, पण ट्रकच्या प्लास्टिकच्या एक्स्पान्शन टाकीचा आटा बऱ्याचदा जुळत नाही. घेण्याआधी आपलं झाकण दुकानात नेऊन प्रत्यक्ष फिरवून बघा. तीन आटे पूर्ण बसले पाहिजेत आणि वॉशर चहूबाजूंनी टेकला पाहिजे. ऑनलाइन वर्णनात 'ट्रकसाठीही' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. जुळत नसेल तर एक जुगाड चांगला चालतो: गाडीचं जुनं झाकण घ्यायचं, आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह काढायचा, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवायचा. टायरवाल्याकडचा हवा भरायचा पंप त्याला लागतो, गेज मात्र कमी दाबाचं अचूक दाखवणारं हवं. टायरच्या गेजवर एक बार म्हणजे काट्याची नुसती थरथर.

दुसरं, पेटीचीच गळती. कपलिंगमधली ओ-रिंग (रबरी कडी) आणि पंपातला हवा मागे येऊ न देणारा झडप हे स्वस्त पेटीतले कच्चे दुवे. नवीन पेटीसुद्धा आधी स्वतःवर तपासा: झाकण तपासायचा जोड लावून त्याचं तोंड बंद करा, एक बारपर्यंत पंप मारा आणि दहा मिनिटं काटा बघा. उतरला तर कपलिंगला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा लगेच दिसतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात दिला की बहुतेकदा भागतं. हे न करता गाडीला लावलं की पंपाची गळती गाडीच्या नावावर चढते.

आता खरी तपासणी. इंजिन पूर्ण थंड हवं, रेडिएटरचा वरचा मोठा होज (रबरी पाईप) मुठीत धरवेल इतकं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, दाब गेला की पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. टाकीतली पातळी वरच्या खुणेपर्यंत भरून घ्या, कारण टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेची गादी मोठी होते, बारीक पाझर असला तरी काटा हलत नाही आणि गाडी पास होते. चावी फिरवून हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला न्या. केबल असेल तर केबिन उचलून व्हॉल्व्हचा दांडा खरंच हललाय का ते डोळ्यांनी बघा, वर्षभर न हललेला व्हॉल्व्ह जागच्या जागी चिकटून बसलेला असतो. हे राहिलं तर कॉइल तपासणीच्या बाहेरच राहू शकते, काटा ठणठणीत उभा राहतो आणि मिस्त्री म्हणतो, सिस्टिम ओके.

दाब किती द्यायचा? झाकणावर छापलेला असतो तेवढाच. कुठं ०.७ बार, कुठं १ बार. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. पेटीच्या गेजवर बऱ्याचदा अडीच बारपर्यंत आकडे असतात, तिथपर्यंत नेण्याचा मोह टाळा. धड असलेल्या कॉइलच्या प्लास्टिक टाकीला त्यानं तडा जाईल आणि मग गळती सापडेलच, पण तुम्हीच केलेली. पहिल्या दोन मिनिटांत काटा किंचित उतरतो, लांबलचक रबरी होज ताणले जातात म्हणून. पुन्हा दाब भरा आणि तिथून पंधरा-वीस मिनिटं मोजा. काटा जागचा हलता कामा नये.

एक गोष्ट पेटीच्या कागदावर लिहिलेली नसते: ही तपासणी उन्हात करू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला दाब भरला आणि गाडीवर ऊन आलं की टाकीतली हवा तापून दाब आपोआप वाढतो. गळतीनं जितका उतरतो तितका उन्हानं चढतो, आणि काटा तासभर एका जागी उभा. शेडमध्ये किंवा पहाटे करा.

काटा उतरला म्हणजे कुठंतरी गळतंय, एवढंच कळलं. कुठं ते टॉर्च आणि नाक सांगणार. केबिन उचलताना आतलं सामान काढा, पूर्ण उचलली गेल्याची आणि लॉक बसल्याची खात्री झाल्याशिवाय खाली वाकू नका. सगळ्यात आधी हीटरचे दोन पाईप बघा, जिथं ते केबिनच्या बिजागरीपाशी वळतात. प्रत्येक वेळी केबिन उचलली की रबर तिथंच मुडपतं, शेजारच्या पत्र्याला घासतं आणि आतला दोरा दिसेपर्यंत झिजतं. मग क्लिपा. मग वॉटर पंपाच्या पोटातलं बारीक भोक. सील गेलं की त्यातून थेंब येतात, ते बुजवायचं नसतं. त्यानंतर टाकीचा शिवणीचा सांधा. थेंब नेहमीच दिसतो असं नाही. वाळलेलं कूलंट पांढरट-हिरवा किंवा गुलाबी खरपुडा सोडतं, तो थेंबापेक्षा जास्त विश्वासाचा साक्षीदार.

बाहेर काहीच नाही आणि काटा उतरतोय, तर आत वळा. केबिनचा एअर फिल्टर किंवा ब्लोअरचा रेझिस्टर काढला की त्या भोकातून मोबाइलला लागणारा नळीचा कॅमेरा आत जातो. तिथं कॉइलपेक्षा आधी बघायची जागा म्हणजे कॉइलला दोन पाईप जोडलेल्या सांध्यावरच्या ओ-रिंग. उष्णतेनं त्या चपट्या होतात. दाब भरलेला असताना त्या सांध्याखाली घामासारखा ओलावा धरतो, मग एक थेंब लोंबतो, तुटत नाही, बराच वेळ तसाच राहतो. हे दिसलं की काम काही रुपयांच्या रबराचं आहे. न बघता नवीन कॉइल मागवली तर डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी धरून बिल कुठल्या कुठं जातं. अख्खा डॅशबोर्ड उतरवायला बहुतेक गाड्यांत दिवस मोडतो.

थंड गाडीत काटा टिकतो आणि वास तरी येतो, असंही होतं. मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं चढतानाच वास येत असेल तर गळती गरमची आहे: धातू प्रसरण पावल्यावर उघडणारी चीर, किंवा झाकण. पेटीत झाकण तपासायचा जोड असतो, तो बहुतेक जण वापरतच नाहीत. छापलेल्या आकड्याच्या खूप आधी झाकण सुटत असेल तर प्रत्येक चढावर टाकीतून वाफ निघते आणि थेट हवेच्या तोंडात ओढली जाते. नवं झाकण लावून बघणं हा या सगळ्या शोधातला सर्वात स्वस्त प्रयोग आहे, फक्त बारचा आकडा तोच घ्या. उलट, पहाटे गाडी चालू करताना वास आणि खाली दोन थेंब, तासाभरानं सगळं बंद, असं असेल तर ती क्लिपांखालची थंड गळती. रबर आकसतं, गरम झालं की पुन्हा घट्ट होतं. इथं स्प्रिंगची, स्वतः ताण धरणारी क्लिप लावा. स्क्रूनं आवळायची साधी जुबली क्लिप आवळत बसलं की होज कापला जातो.

काही पेट्यांबरोबर जांभळा दिवा, पिवळा चष्मा आणि रंगाची बाटली येते. बाटली कारच्या मापाची असते. सहा सिलिंडरच्या ट्रकमध्ये वीस लिटरच्या वर कूलंट बसतं, त्यात ती एक बाटली विरून जाते. लिटरच्या हिशेबानं घाला आणि एक-दोन फेऱ्या मारून अंधार पडल्यावर बघा. दोन गोष्टी फसवतात. काही हिरवं कूलंट मुळातच जांभळ्या दिव्यात चमकतं, म्हणून रंग घालण्याआधी एकदा दिवा मारून ठेवा. दुसरी आपल्याकडची खास: हळद. रेडिएटरची गळती बुजवायला मूठभर हळद टाकणारे ड्रायव्हर कमी नाहीत, आणि हळदीचा डागही त्या दिव्यात पिवळा चमकतो. वसमतची हळद कितीही नामी असली तरी तिची जागा भाजीत. रेडिएटरच्या रुंद नळ्यांतली चीर ती कदाचित बुजवेल, पण हीटर कॉइलच्या बारीक नळ्या आधी बंद करेल. पुड्यांतून मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींचंही तेच.

वासाचा उगम कॉइलच आहे का, याचा शेवटचा निवाडा मात्र पेटी देत नाही, जोडपाईप देतो. हीटरचे दोन्ही होज फायरवॉलपाशी सोडा, त्यांची तोंडं त्याच मापाच्या धातूच्या नळीनं एकमेकांना जोडा आणि दोन क्लिपा लावा. १६ मिमीचं माप खूप गाड्यांत चालतं, तरी मोजून घ्या. कॉइलच्या दोन्ही तोंडांना बूच मारा, आत उरलेलं पाणी डॅशबोर्डमध्ये सांडू देऊ नका. काच आणि मॅट पुसून कोरडं करा, नाहीतर जुनाच वास पुढचे आठ दिवस येत राहील. त्यानंतरच्या फेऱ्यांत वास गेला तर कॉइल किंवा तिचे सांधे. राहिला तर बाहेर शोधा. उन्हाळ्यात हा जोड तसाच ठेवून गाडी चालवायला हरकत नाही, हीटर नाही एवढंच.

पेटीच्या आवाक्याबाहेरचंही थोडं आहे. कूलंट कमी होतंय, बाहेर थेंब नाही, काच स्वच्छ: हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग). टेस्टर लावून थंड इंजिन चालू करा. पाणी कोमट व्हायच्या आत काटा झपाट्यानं चढला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. लगेच इंजिन बंद करा आणि दाब सोडा. पण घाईनं हेड उघडू नका. ब्रेकची हवा भरणाऱ्या एअर कंप्रेसरचं हेडही बऱ्याच गाड्यांत याच पाण्यानं थंड होतं आणि ते फुटलं तरी टाकीत बुडबुडे येतात. फरक असा की ब्रेकची हवा पूर्ण भरून कंप्रेसर मोकळा झाला की हे बुडबुडे थांबतात. सोबत एअर टाकीचा ड्रेन ओढून बघा, रंगीत चिकट पाणी आलं तर कंप्रेसर. हवेवर चालणारी सीट असलेल्या गाडीत असा वास सीट खाली-वर करताना येऊ शकतो, आणि तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

कॉइल सडते कशामुळे, तर पाण्यामुळे. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. ढाब्यावर बादलीभर ओतलं की त्यातला चुना बारीक नळ्यांत बसतो, आणि कूलंट पातळ झाल्यानं गंजरोधक रसायन कमी पडतं, ॲल्युमिनियम आतून खायला लागतं. तयार मिश्रण घ्या, किंवा घट्ट कूलंट आणि बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. डब्यावर आयएस ५७५९ हा कूलंटचा भारतीय मानक क्रमांक आहे का बघा. रंगावरून जात ओळखू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा, दोन जातींची सरमिसळ नको.

कॉइल बदलल्यावर हवा काढणं हा वेगळाच जाच. नॉब लालवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर ढिला करून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत सावकाश भरा, मग थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली तर हवा अजून आत आहे. गाडी थंड झाल्यावर पातळी बघून टेस्टर पुन्हा लावा. दुरुस्ती पास करून घ्यायला ही पेटी सर्वात जास्त उपयोगी पडते, आणि गॅरेजवाल्याकडे तो आग्रह धरायला लाजू नका. काढलेलं कूलंट कॅनमध्ये भरा. गॅरेजसमोरच्या डबक्यात सोडलं तर गोडसर म्हणून कुत्रं चाटतं आणि मरतं.

पेटीबरोबर वॉशर आणि ओ-रिंगचा जादा संच मिळतो का ते विचारा, कारण आधी तेच जातात. गेज बदलता येणाऱ्या आट्याचं असावं. आणि पंपावर दाब सोडायचं बटण नसलेली पेटी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. भरलेल्या दाबाखाली कपलिंग ओढून काढावं लागतं आणि कूलंट तोंडावर उडतं.